आधी ठिपक्याची चौकशी, मग डोस

थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, काही आठवड्यांनी किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला जातो आणि त्यानंतर काही दिवसांनी संपूर्ण शरीराचा स्कॅन काढतात. रुग्णाच्या हाती पडणारे चित्र दिसायला अगदी साधे असते. पांढऱ्या कागदावर माणसाची धूसर आकृती, एकदा समोरून, एकदा पाठीमागून, आणि तिच्यावर काही काळे ठिपके. गळ्यात ठिपका दिसेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेले असते. पण छातीत, कमरेशी किंवा डोक्यावर आणखी एखादा ठिपका उमटला आणि अहवालात ‘मेटास्टॅसिसची शक्यता’ हे दोन शब्द आले की घरादाराची झोप उडते. हल्ली तर अहवाल डॉक्टरांच्या आधी मोबाइलवर येतो. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात असते. तोवर नातेवाइकांच्या गटात त्यावर चर्चा होऊन ‘छातीत पसरलंय’ असा निकालही लागलेला असतो.

खरे तर त्या काळ्या ठिपक्याचा अर्थ एवढाच, की शरीराच्या त्या जागी, किंवा त्या जागेच्या वर असलेल्या कपड्यावर, किरणोत्सारी आयोडीन आहे. तिथे कर्करोग आहे, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष झाला. तो पुष्कळदा बरोबर ठरतो. म्हणूनच हा स्कॅन इतकी वर्षे टिकून आहे. पण तो चुकीचा ठरण्याची निरुपद्रवी कारणे इतकी आहेत आणि त्यातली अनेक इतक्या सहज ओळखता येतात, की ती न तपासता रुग्णाला पुढचा मोठा डोस लिहून देणे समर्थनीय नाही.

हा निष्कर्ष इतका पक्का का वाटतो, याला इतिहास आहे. आयोडीन-१३१ हे समस्थानिक १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जॉन लिव्हिंगूड आणि ग्लेन सीबोर्ग यांनी शोधले. १९४१ मध्ये बॉस्टन येथे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी अतिसक्रिय थायरॉइडच्या रुग्णावर किरणोत्सारी आयोडीन प्रथम वापरले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या डॉ. सॅम्युअल सिडलिन यांच्याकडे एक विलक्षण रुग्ण आला. त्याची थायरॉइड ग्रंथी अनेक वर्षांपूर्वी काढून टाकलेली होती, तरी अंगात थायरॉइडचे हार्मोन जास्त झाल्याची सगळी लक्षणे होती. शरीरात पसरलेला कर्करोगच हार्मोन तयार करत होता. किरणोत्सारी आयोडीन नेमके त्या ठिकाणी जाऊन साठले आणि रुग्णाला आराम पडला. १९४६ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि डॉक्टरांच्या मनात एक समीकरण ठसले: आयोडीन जिथे, थायरॉइडच्या पेशी तिथे. ग्रंथी काढून टाकलेल्या माणसात या पेशी गळ्याबाहेर दिसल्या, तर तो कर्करोगच. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झाले. तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार होणाऱ्या आयोडीनवर देशभरातल्या रुग्णांना उपचार मिळू लागले, तेही याच समीकरणाच्या आधारावर.

समीकरण चुकीचे नाही, अपुरे आहे. रक्तातले आयोडीन पेशीत ओढून घेणारे एक प्रथिन असते. सोडियमच्या जोडीने आयोडीनला आत आणणारा तो एक पंपच म्हणा. या पंपाचे जनुक १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नॅन्सी कॅरास्को यांच्या प्रयोगशाळेने ओळखले. त्यानंतर हा पंप शरीरात कुठे कुठे आहे, याचा नेमका शोध घेता आला. तो थायरॉइडमध्ये सर्वात जोमाने काम करतो, पण लाळग्रंथींत आहे, जठराच्या अस्तरात आहे, अश्रूंच्या नलिकेत आहे आणि दूध पाजणाऱ्या आईच्या स्तनात तर भरपूर आहे. शिवाय शरीराला नको असलेले आयोडीन मूत्रपिंडांतून लघवीवाटे बाहेर जाते. थोडे घामातून, थोडे शौचावाटे. म्हणजे डोस घेतलेल्या माणसाचे तोंड, नाक, पोट, आतडी आणि मूत्राशय स्कॅनवर काळे दिसणे हे अगदी नेहमीचे. डोसनंतर काही दिवसांनी यकृतही सर्वत्र फिकट काळे दिसते, कारण आयोडीन जोडलेले हार्मोन तिथे मोडले जाते. अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांना हे पाठ असते. अडचण येते ती या नेहमीच्या गोष्टी अनपेक्षित जागी दिसतात तेव्हा.

सर्वात साधे उदाहरण खिशातल्या रुमालाचे. डोस घेतलेल्या माणसाने तोंड पुसले, नाक शिंकरले आणि रुमाल पँटच्या खिशात ठेवला, तर स्कॅनवर नितंबाच्या हाडाशी ठळक ठिपका उमटतो. अशा रुमालांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत एकदा नव्हे, अनेकदा झाली आहे. रुमालाऐवजी साडीचा पदर किंवा ओढणी असली तर ठिपका छातीवर किंवा खांद्यावर येईल. लघवीचा एखादा थेंब कपड्यावर पडला की कटिभागाचे हाड बाधित असल्यासारखे दिसते. केसांना लाळ किंवा घाम लागला की कवटीवर ठिपका येतो. लाळग्रंथी सुजू नयेत म्हणून विलगीकरणाच्या खोलीत रुग्णाला लिंबाच्या फोडी किंवा आंबट गोळ्या चघळायला सांगतात. लाळ वाढते, ती बोटांना लागते, बोटे मग उशीला, केसांना, कपड्यांना लागतात. या ठिपक्यांचा उलगडा करायला लागते काय? अंघोळ, धुतलेले कपडे आणि पुन्हा एकदा दहा-पंधरा मिनिटे यंत्राखाली पडून राहणे. ठिपका नाहीसा झाला किंवा कपड्याबरोबर निघून गेला, तर प्रश्न मिटला.

यात एक गंमत अशी, की ही तपासणी दोन्ही बाजूंनी उपयोगाची आहे. थायरॉइडचा कर्करोग हाडांत, अगदी कवटीतही पसरू शकतो. त्यामुळे डोक्यावरचा ठिपका ‘केसांना काही लागले असेल’ म्हणून सोडून देणेही तितकेच धोक्याचे. डोके धुऊनही ठिपका तिथेच राहिला, तर तो गंभीरपणे घ्यायचा. पाण्याची एक बादली दोन्ही चुका टाळू शकते.

छातीतले ठिपके जास्त अवघड, कारण फुप्फुसांत पसरलेला कर्करोग ही खरोखर होणारी गोष्ट आहे. पण गिळलेली लाळ अन्ननलिकेत रेंगाळली तर छातीच्या मधोमध उभी काळी रेघ किंवा ठिपका दिसतो. पाणी पाजून, थोडे खायला देऊन पुन्हा चित्र घेतले की बहुधा तो सरकतो किंवा जातो. ज्यांच्या जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकलेला असतो, त्यांच्यात हृदयामागे ठिपका येतो. तो जठराच्या अस्तराचा. लहान मुलांत आणि तरुणांत छातीच्या वरच्या भागात असलेली थायमस ही ग्रंथी आयोडीन घेते आणि लसिकाग्रंथींत कर्करोग पसरल्यासारखा भास होतो. थायमस म्हणजे आजार नव्हे. वयानुसार ती आपोआप आक्रसत जाते.

आणि आपल्याकडे ज्याचा विचार सर्वात आधी व्हायला हवा, तो क्षयरोग. दाह असलेल्या जागी रक्तपुरवठा वाढलेला असतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशींत आयोडीन धरून ठेवण्याची क्षमता असते. त्यामुळे न्यूमोनिया, क्षय, फुप्फुसाच्या पोकळीत वाढलेली बुरशी अशा जागी आयोडीन थांबू शकते. जुन्या संसर्गाने श्वासनलिका कायमच्या रुंद झाल्या असतील, तर त्यात साचलेल्या कफातही ते अडकते. ज्या देशात क्षयाचे इतके रुग्ण आहेत, तिथे फुप्फुसातल्या ठिपक्यासमोर ‘पूर्वी क्षय झाला होता का, खोकला आहे का, छातीचा जुना एक्स-रे आहे का’ हे प्रश्न विचारले न जाणे ही मोठीच उणीव. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात क्षय यादीच्या तळाला असला, तरी सोलापूरच्या किंवा धारावीच्या रुग्णासाठी त्याची जागा तिथे नाही. दाताच्या मुळाशी झालेला पू, सायनसची सूज, नुकतीच झालेली जखम, पित्ताशयाचा दाह यांचेही तसेच.

दुसरे मोठे कुटुंब साचलेल्या द्रवाचे. मूत्रपिंडातली, यकृतातली किंवा बीजकोशातली साधी गाठ, फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती जमलेले पाणी. आयोडीन अशा द्रवात हळूहळू शिरते आणि हळूहळूच बाहेर पडते. बाकी शरीरातले आयोडीन निघून गेलेले असते तेव्हा हा द्रव मागे राहून उठून दिसतो. मूत्रपिंडातली पाण्याची गाठ वयाच्या पन्नाशीनंतर किती जणांत असते, हे सोनोग्राफी करणाऱ्या कुणालाही विचारावे. कृत्रिम डोळा बसवलेल्या रुग्णात त्याच्यामागे अश्रू साचून ठिपका आल्याच्या नोंदी आहेत. रुग्णाने डोळ्याबद्दल सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही, तर चित्र पाहणाऱ्याला हे कळायचे कसे?

स्तनांबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. थायरॉइडचा कर्करोग स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो आणि त्यांतल्या बऱ्याच जणी मूल होण्याच्या वयातल्या असतात. दूध येणाऱ्या स्तनात आयोडीन इतक्या जोराने ओढले जाते, की सपाट चित्रात ते थेट फुप्फुसावर पडल्यासारखे वाटते. दोन्ही बाजूंना सारखे असले तर शंका येते. पण बाळ एकाच बाजूला जास्त पीत असेल, तर ठिपका एकाच बाजूला ठळक येतो आणि ‘उजव्या फुप्फुसात’ अशी ओळ अहवालात पडू शकते. स्तनपान थांबवल्यावरही हे काही महिने दिसू शकते. प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधे आहेत: मळमळीवर आणि आम्लपित्ताच्या गोळीत मिसळून सर्रास दिले जाणारे डॉमपेरिडोन, मानसिक आजारांवरची काही औषधे. स्कॅनसाठी थायरॉइडची गोळी बंद केल्यानेही प्रोलॅक्टिन वाढू शकते. म्हणजे ज्या बाईला मूल नाही किंवा ज्यांचे मूल शाळेत जाते, त्यांच्या स्तनातही थोडे आयोडीन दिसू शकते. शिवाय हा प्रश्न केवळ अहवालापुरता नाही. आईच्या दुधातून किरणोत्सारी आयोडीन बाळाच्या थायरॉइडमध्ये जाते, म्हणून डोसच्या पुष्कळ आधी अंगावर पाजणे बंद करावे लागते आणि त्या बाळाला ते पुन्हा सुरू करता येत नाही. हा प्रश्न डोसच्या आधी, स्पष्ट शब्दांत, शक्य तर बाई डॉक्टरने किंवा परिचारिकेने एकांतात विचारायचा असतो. सासू आणि दीर शेजारी बसलेले असताना ‘मॅडम, काही त्रास?’ एवढे विचारून तो विचारला जात नाही. मासिक पाळी चालू असताना गर्भाशयातही आयोडीन दिसू शकते. तोही प्रश्न याच बैठकीतला.

आता कुणी म्हणेल, शंका असेल तर आणखी एक डोस द्यावा. कर्करोग असला तर मरेल, नसला तर काय बिघडले? हे वाक्य ऐकायला व्यवहारी वाटते आणि म्हणूनच घातक आहे. मोठ्या डोससाठी रुग्णाला पुन्हा तयार करायचे म्हणजे पुष्कळदा थायरॉइडची गोळी तीन-चार आठवडे बंद. त्या आठवड्यांत अंग जड, चेहरा सुजलेला, थंडी सहन होत नाही, हिशेब चुकतात, गाडी चालवण्याचीही भीती वाटते. त्याआधी एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ, मासे, अंडी आणि दूधदुभते टाळणारे पथ्य. मग विलगीकरणाची खोली, घरी आल्यावर काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर स्त्रियांपासून दूर. लाळग्रंथी सुजतात, काहींचे तोंड कायमचे कोरडे पडते, त्यातून दात किडतात. अश्रूंची नलिका बुजून डोळ्यांतून पाणी गळत राहते. स्त्रीला किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते. एकूण डोस जसजसा वाढत जातो, तसतशी दुसरा कर्करोग होण्याची शक्यताही थोडी वाढते. खरोखर पसरलेल्या कर्करोगासाठी हे सगळे सोसणे योग्यच. मूत्रपिंडातल्या पाण्याच्या गाठीसाठी किंवा रुमालासाठी सोसायचे कारण नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या गाठीवर डोसचा परिणाम होत नाही. पुढच्या स्कॅनवर ती पुन्हा दिसते आणि ‘उपचारांना प्रतिसाद नाही’ असे निदान होऊन डोसावर डोस वाढत जातात.

या चुकांचा धोका आजच्या काळात जास्त आहे, कमी नाही. गळ्याची सोनोग्राफी सगळीकडे होऊ लागल्याने थायरॉइडचे अगदी लहान, कमी जोखमीचे कर्करोग मोठ्या संख्येने सापडतात. अशा रुग्णांत दूरवर पसरण्याची शक्यता मुळातच फार थोडी असते. हिशेबाच्या सोयीसाठी धरू, की असे हजार रुग्ण आहेत, त्यांपैकी दहांमध्ये खरोखर पसरलेला रोग आहे आणि तीस जणांत काहीतरी निरुपद्रवी कारणाने ठिपका दिसतो. हे आकडे केवळ समजण्यासाठी. पण गणित पाहा. चाळीस ठिपक्यांपैकी तीस खोटे! यंत्र तेच, आयोडीन तेच, पण ज्यांच्यात रोगाची शक्यता मुळात कमी, त्यांचा स्कॅन काढला की भ्रामक ठिपक्यांचे प्रमाण वाढते. फ्रान्समध्ये सातशेहून अधिक कमी जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन न घेतलेल्यांची प्रगती तीन वर्षांनी घेतलेल्यांपेक्षा वाईट नव्हती. याचा अर्थ काही रुग्णांना पहिलाच डोस आवश्यक आहे का, असे विचारायला हवे. न लागणारा डोस, त्यानंतरचा स्कॅन, त्यावरचा निरर्थक ठिपका आणि त्या ठिपक्यासाठी दुसरा डोस, ही साखळी पहिल्या कडीशीच तोडता येते.

ठिपका खरा की भ्रामक, हे ठरवायला साधने आहेत. सपाट स्कॅनची अडचण अशी, की त्यात छातीची त्वचा, फुप्फुस, अन्ननलिका आणि पाठीचा कणा एकाच कागदावर एकमेकांवर पडतात. गळ्यात आयोडीन फार असले, तर कॅमेऱ्यासमोरच्या शिशाच्या जाळीतून किरणे आरपार जाऊन सहा टोकांची चांदणीसुद्धा चित्रात उमटते. तिचे एखादे टोक छातीपर्यंत पोहोचते. बाजूने घेतलेले एक चित्र यातल्या अनेक शंका मिटवते. स्पेक्ट-सीटी या तपासणीत आयोडीनचे त्रिमितीय चित्र आणि सीटी स्कॅन एकमेकांवर बसवले जातात. तेव्हा ठिपका बरगडीच्या हाडात आहे, की त्यावरच्या कातडीवर, की आतल्या स्तनात, हे दिसते. जिथे किरणोत्सारी आयोडीनचे मोठे डोस दिले जातात, तिथे शंकास्पद ठिपक्यासाठी ही सोय असावी किंवा रुग्णाला ती जवळच्या ज्या केंद्रात आहे तिथे त्याच आठवड्यात पाठवण्याची व्यवस्था असावी. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे. डोसनंतरच्या स्कॅनवर शंका आली, तर दोन दिवसांनी पुन्हा पाहायला नवा डोस लागत नाही. महिनाभराने मात्र ही संधी गेलेली असते आणि मग तोच प्रश्न सोडवायला रुग्णाला पुन्हा किरणोत्सार द्यावा लागतो.

रक्तातले थायरोग्लोब्युलिन हा दुसरा साक्षीदार. हे प्रथिन थायरॉइडच्या पेशीच तयार करतात. ग्रंथी पूर्ण काढलेली आहे, टीएसएच वाढवूनही थायरोग्लोब्युलिन जवळजवळ शून्य आहे आणि तरी छातीत मोठा ठिपका आहे, असे असेल, तर संशय रुग्णावर नव्हे, ठिपक्यावर घ्यायचा. पण हा साक्षीदारही नेहमी विश्वासाचा नाही. दर चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडे असतात आणि ती असली की आकडा खोटा कमी येऊ शकतो. म्हणून प्रतिपिंडांची चाचणी सोबत नसेल, तर नुसत्या ‘०.१’ वर समाधान मानू नये. उलट हा आकडा स्कॅनगणिक चढत असेल, तर ‘रुमाल असेल’ म्हणून वेळ काढणे हा गुन्हाच.

यंत्रे आणि चाचण्या यांहून स्वस्त साधन म्हणजे प्रश्न, आणि तेच सर्वात कमी वापरले जाते. गर्दीच्या विभागात तंत्रज्ञ रुग्णाला झोपवतो, चित्रे संगणकात जातात आणि अहवाल लिहिणारे डॉक्टर रुग्णाला न भेटताच ती पाहतात. एकेका डॉक्टरसमोर दिवसाला किती चित्रे येतात, हे पाहिले तर त्यांना दोष देणे सोपे वाटणार नाही. पण डॉक्टरला वेळ नसला तरी एक मराठी कागद रुग्णाकडून भरून घेता येतो. बाळाला पाजता का किंवा गेल्या वर्षभरात पाजत होता का, पाळी चालू आहे का, क्षय किंवा दमा झाला होता का, दाताचे काही चालू आहे का, डोळा कृत्रिम आहे का, कुठे जखम किंवा गळू आहे का, सोनोग्राफीत मूत्रपिंडात, यकृतात किंवा बीजकोशात गाठ सांगितली होती का, कोणती औषधे चालू आहेत. स्कॅनच्या सकाळी अंघोळ केली का, कपडे धुतलेले आहेत का, खिसे रिकामे आहेत का. परदेशी संस्थांचे इंग्रजी नमुने फायलीत लावून ठेवण्यापेक्षा सांगलीच्या आजीबाईंना वाचता येईल असा हा कागद जास्त कामाचा.

अहवालाच्या भाषेचेही तसेच. ‘उजव्या कटिभागी आयोडीनचा संचय, कारण स्पष्ट नाही, कपडे बदलून पुन्हा चित्र घ्यावे’ असे लिहिणे डॉक्टरला कमीपणाचे वाटू नये. तेच खरे वर्णन आहे. ‘मेटास्टॅसिस’ हा शब्द जागा निश्चित झाल्यावर आणि रक्ताच्या आकड्याशी मेळ बसल्यावरच यावा. न्यायालयाच्या भीतीने काही ठिकाणी प्रत्येक शंका ‘नाकारता येत नाही’ या शेपटासह लिहिली जाते. त्या शेपटाने लिहिणारा सुरक्षित होतो, वाचणारा मात्र घाबरतो. शिवाय पुढचा डॉक्टर ते वाक्य खरे धरून चालतो, हा अनुभव वैद्यकात नवा नाही.

रुग्णांनीही एक गोष्ट जरूर करावी. जळगावहून किंवा नांदेडहून मुंबई-पुण्याला जाणारे बरेच जण सोबत नेतात तो फक्त छापील अहवाल. स्कॅनची मूळ चित्रे, सीडीवर असोत की पेनड्राइव्हवर, मागून घ्यावीत आणि जुनी सोनोग्राफी, जुने एक्स-रे यांच्यासह जपून ठेवावीत. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनवर त्याच जागी तेवढाच ठिपका होता आणि सोनोग्राफीत तिथे पाण्याची गाठ आहे, हे समोर ठेवता आले, तर पुढचा डोस लिहिण्यापूर्वी डॉक्टर ती जुनी चित्रे शेजारी लावून पाहू शकतात. मग ‘डोस कधी घ्यायचा?’ याआधी ‘हा ठिपका नेमका कशात आहे?’ हे त्यांना विचारावे आणि उत्तर अहवालावर लिहून मागावे.